जुन्या मोटारीचा तळ : गंज आणि गोंगाट



आमच्या घरीं १९६९ सालची एक फियाट मोटार आहे. त्या काळीं मोटार म्हणजे पैसे मोजले आणि घरीं आणली, असा प्रकार नव्हता. नांव नोंदवून वर्षेंच्या वर्षें वाट पाहावी लागे. वडिलांनीं ती तशी वाट पाहून घेतली, आणि त्यांच्या मागें ती घरांत राहिली ती कांहीं सोयीची वस्तु म्हणून नव्हे. तिला एक खोड मात्र पहिल्यापासून होती. वेग ताशीं पन्नास किलोमीटरांच्या पुढें गेला, कीं तळांतून असा घरघराट उठे, कीं मागच्या आसनावरील माणसाशीं बोलावयाचें तर ओरडावें लागे. आईचें वय वाढलें तसा हा गोंगाट तिला सोसेना, म्हणून कांहीं वर्षांपूर्वीं मीं ओळखीच्या एका पत्राकाम करणाऱ्याकडे गाडी दिली. त्यानें तळावर जाड डांबरी चादरी चिकटविल्या, त्यांवर तागाचा नमदा अंथरला आणि वर नवा गालिचा बसविला. गाडी खरोखरच शांत झाली. पुण्याला जातांना आईनें खंडाळ्यापर्यंत झोंप काढली, याचें मला केवढें समाधान वाटलें!

दोन पावसाळे गेले. तिसऱ्या वर्षीं गणपतीच्या सुमारास आई पुढील आसनावर बसली आणि आसन एका अंगास कलंडलें. गाडी दारांत उभी होती म्हणून बरें. गालिचा वरून कोरडा ठणठणीत होता. त्याखालचा नमदा मात्र भिजलेल्या पोत्यासारखा झालेला. आणि डांबराची चादर हातानें सोलली, तों ती आपल्याबरोबर पत्र्याचे पापुद्रे घेऊनच वर आली. आसनाचा बोल्ट ज्या पत्र्यांत पकडला होता, तो पत्राच उरला नव्हता. दोष त्या कारागिराला द्यावा, तर मीं सांगितलें होतें तेंच त्यानें केलें होतें: आवाज बंद कर. आवाज बंद करण्यासाठीं जें जें म्हणून अंथरावें, तें तें बहुधा पाणी धरून ठेवतें, हें आम्हां दोघांच्याहि ध्यानांत आलें नाहीं. आज मला जें सांगावयाचें आहे, तें या एका गोष्टीभोंवतींच आहे.

प्रथम हा तळ म्हणजे काय, तें पाहूं. दुसऱ्या महायुद्धापूर्वींच्या बहुतेक मोटारींना खालीं पोलादी तुळयांची स्वतंत्र चौकट असे आणि गाडीचें शरीर त्या चौकटीवर ठेवलेलें असे. अशा गाडीचा तळ कुजला तर पाय भिजत, चारचौघांत थोडी लाज वाटे, पण गाडी मोडत नसे. फियाट कंपनीनें १९५३ सालीं इटलींत आपल्या ११०० या गाडीची जी नवी आवृत्ति काढली, तिच्यांत ही चौकटच नव्हती. तळ, दारांखालचे पोकळ उंबरठे, खांब आणि छत हीं एकमेकांस सांधून बनलेली एक पेटी, हाच तिचा सांगाडा. मुंबईस कुर्ल्याला प्रीमियर ऑटोमोबाइल्सच्या कारखान्यांतून १९६४ पासून ‘डिलाइट’ या नांवानें व १९७४ पासून ‘पद्मिनी’ या नांवानें जी गाडी निघत राहिली, ती याच वंशाची. मुंबईच्या काळ्या-पिंवळ्या टॅक्सीचें रूप तिनेंच घडविलें. त्या टॅक्सींपैकीं शेवटची २००३ च्या ऑक्टोबरांत नोंदली गेली आणि वीस वर्षांची मुदत भरून २०२३ च्या ऑक्टोबरांत रस्त्यावरून निघाली. उत्तरपाड्याच्या ॲम्बॅसडरची घडणहि अशीच बिनचौकटीची होती.

पुठ्ठ्याचें बंद खोकें घ्या. त्यावर बेतानें उभें राहतां येतें. त्याचाच तळ पाण्यानें भिजवा, आणि तें हातांत लोळागोळा होतें. या गाड्यांचा तळ जेमतेम एक मिलिमीटर जाडीच्या पत्र्याचा असतो. आसनें त्यालाच पकडलेलीं असतात आणि गाडी वळतांना, खड्ड्यांत आदळतांना बसणारा ताण तोच उंबरठ्यांपर्यंत पोंचवितो. म्हणून अशा गाडीच्या तळाला लागलेला गंज हा केवळ शोभेचा प्रश्न राहत नाहीं.

आतां गंजाकडे वळूं. लोखंड गंजावयास पाणी आणि प्राणवायु हीं दोन्हीं लागतात. कोरड्या हवेंत तें जवळजवळ जसेंच्या तसें राहतें. हवा काढून टाकलेल्या शुद्ध पाण्यांतहि त्याचें फारसें बिघडत नाहीं. परंतु दोन्हीं एकत्र आलीं आणि त्यांत मीठ मिसळलें, कीं काम झपाट्यानें सुरू होतें. कारण गंजणें ही मुळांत विजेची क्रिया आहे. पत्र्याच्या एका जागीं लोखंड विरघळतें व त्यांतून इलेक्ट्रॉन सुटतात. ते पत्र्यांतूनच दुसऱ्या जागीं जातात. तेथें पाणी आणि प्राणवायु त्यांचा स्वीकार करतात. या दोन जागांमधील मंडल बाहेरच्या बाजूनें पुरें होतें तें पाण्यानें, आणि खारट पाण्यांतून वीज सहज वाहते.

केंब्रिजच्या यू. आर. इव्हान्स या शास्त्रज्ञाचा या बाबतींतला एक प्रयोग इतका साधा आहे, कीं तो घरींहि करून पाहतां येईल. लोखंडाचा पत्रा स्वच्छ घांसून त्यावर मिठाच्या पाण्याचा एक थेंब ठेवावा. कांहीं वेळानें थेंबांत तांबडें कडें उमटतें. कोणासहि वाटेल कीं जेथें तांबडें दिसतें, तेथेंच पत्रा खाल्ला जात आहे. प्रत्यक्षांत तसें नसतें. थेंबाच्या कांठाशीं हवा भरपूर मिळते, आणि तो भाग शाबूत राहतो. मध्यभागीं प्राणवायु कमी पोंचतो, आणि लोखंड विरघळतें तें तेथें! विरघळलेलें लोखंड कांठाकडे सरकून वाटेंत हवा भेटली म्हणजे त्याचा गंज बनतो. म्हणजे प्राणवायूची कमतरता हें संरक्षण नव्हे. शेजारीं प्राणवायु असला आणि दोन्ही जागा एकाच पाण्यानें जोडलेल्या असल्या, तर ज्या जागेला हवा कमी, तीच झिजते.

माझ्या गाडींतील भिजलेला नमदा हा तसाच एक विशाल थेंब होता. डांबराची कड जेथें सुटली होती, तेथून पाणी आंत शिरलें. कडेला हवा, खोल आंत हवा नाहीं. आणि पत्रा आंतल्या आंत खाल्ला गेला. त्यांत भर म्हणजे गंज हा मूळ लोखंडाच्या दुपटीहूनहि अधिक जागा व्यापतो. तो फुगून वरचा लेप उचलतो, सांधे फाकवितो आणि पुढच्या पाण्याला वाट करून देतो.

आपल्या किनाऱ्यावर या क्रियेला साहित्याची वाण नाहीं. हवेंतील सापेक्ष आर्द्रता सुमारें साठ टक्क्यांच्या वर गेली, कीं लोखंडाच्या गंजण्याचा वेग एकदम वाढतो, आणि पृष्ठावर क्षार असले तर त्याहून कमी आर्द्रताहि पुरते. मुंबई, रत्नागिरी, पणजी या ठिकाणीं पावसाळ्याचे चार महिने हवा याहून कितीतरी ओली असते. युरोप-अमेरिकेंत हिवाळ्यांत रस्त्यावरचें बर्फ वितळविण्यासाठीं मीठ टाकतात व तें गाड्यांच्या तळांना भोंवतें. आपल्याला तें मीठ समुद्र फुकट पुरवितो. २६ जुलै २००५ रोजीं सांताक्रूझला एका दिवसांत ९४४ मिलिमीटर पाऊस झाला तेव्हां मुंबईंत असंख्य मोटारी पाण्यांत उभ्या होत्या. त्या पाण्यांतील चिखल पोकळ उंबरठ्यांत एकदां बसला, कीं तो आपण होऊन बाहेर पडत नाहीं. जुनी गाडी घ्यावयाची तर कोरड्या मुलुखांतील पाहून घ्यावी, असें जाणते लोक सांगतात तें याचसाठीं.

बहुतेकांची समजूत असते कीं तळ खालून कुजतो, रस्त्यावरच्या चिखलानें. तसें होतें, नाहीं असें नाहीं. पण मीं पाहिलेल्या गाड्यांत अधिक अपराध वरून येणाऱ्या पाण्याचा निघाला. पुढच्या कांचेचें रबर जुनें होऊन आकसतें. दारांच्या खालच्या कडेचीं निचऱ्याचीं भोंकें मातीनें बुजतात. पॅडलें व तारा ज्या भोंकांतून जातात त्यांचीं रबरी बुचें फाटतात. आणि शेवटीं आपण स्वतःच भिजलेले जोडे व निथळती छत्री घेऊन आंत बसतों. ही चोरवाट शोधण्याची रीत अशी. गाडींतील सर्व अंथरुणें काढावीं. तळावर खडूची पूड भुरभुरावी. एकानें विजेची बत्ती घेऊन आंत बसावें, दुसऱ्यानें बाहेरून नळीनें पाणी सोडावें. मात्र एकदम छतावर ओतूं नये. खालून आरंभ करून एकेका जागीं आठ-दहा मिनिटें धार धरावी आणि मग वर सरकावें. पाणी आंत आलें, कीं पुडींत त्याची रेघ उमटते. आमच्याकडे ती कांचेच्या डाव्या खालच्या कोंपऱ्यापासून निघाली होती. ही परीक्षा होण्यापूर्वीं तळाला कसलाहि लेप देणें म्हणजे छप्पर गळत असतांना जमीन सारवणें.

नंतर पत्रा उघडा करावा. जुनें डांबर गरम करून खरवडतात; त्याचा धूर नाकांत जाऊं देऊं नये, आणि जवळ पेट्रोलची नळी असेल तर ज्योत मुळींच वापरूं नये. उघडा पत्रा डोळ्यांनीं पाहून भागत नाहीं. पेचकसाचें टोंक हातानें दाबून इंचाइंचावर टोचावें. जेथें तें आंत जातें तेथें पत्रा नाहीं, रंग आहे असें समजावें. अशा जागीं पुट्टी किंवा काचतंतूचें थिगळ लावून वर रंग देण्याची चाल फार आहे. तें थिगळ ताण सोसत नाहीं, आणि मागें गंज चालूच राहतो. कुजलेला भाग निरोगी पत्रा लागेपर्यंत कापावा आणि त्याच जाडीचा, त्याच आकाराचा नवा तुकडा वितळजोडानें बसवावा. जुन्यावर नवा पत्रा नुसता चढविला, तर दोहोंच्या मध्यें जी फट राहते ती पाण्यासाठीं बांधून दिलेली खोलीच. वितळजोड करण्यापूर्वीं बॅटरी सोडावी आणि जवळचें पेट्रोल, तारा व अंथरूण दूर करावें, हें सांगावयास नको. पण न सांगितल्यामुळें गाड्या जळाल्या आहेत.

मूळ आकार राखण्याला आणखीहि एक कारण आहे. २०२१ सालीं केंद्रीय मोटार वाहन नियमांत दुरुस्ती होऊन, पहिल्या नोंदणीला पन्नास वर्षें उलटलेल्या गाड्यांची ‘व्हिंटेज’ म्हणून नोंदणी करण्याची सोय झाली. गाडी मूळ स्वरूपांत असावी, आणि तिच्या चौकटींत, शरीरांत वा इंजिनांत मोठा फेरबदल झालेला नसावा, अशी तींत अट आहे. अशी गाडी मग नित्याच्या येण्याजाण्यासाठीं वापरतां येत नाहीं, ही गोष्ट वेगळी.

जो पत्रा शाबूत आहे पण तांबडा झाला आहे, तो तारेच्या ब्रशानें व खरकागदानें चकचकीत होईपर्यंत घांसावा. बारीक खळग्यांत उरलेल्या गंजावर फॉस्फोरिक आम्लाचें द्रावण लावतात. त्यानें गंजाचें फॉस्फेट बनतें. टॅनिक आम्लाचींहि द्रावणें मिळतात, त्यांनीं तांबडा गंज काळा पडतो. हा चमत्कार आपल्या आज्या-पणज्यांना ठाऊक होता: हिरड्यांतील टॅनिन आणि हिराकशींतील लोखंड एकत्र करूनच जुन्या काळीं शाई बनवीत. हीं द्रावणें पातळ व घट्ट बसलेल्या गंजापुरतींच उपयोगी. पापुद्रे सुटलेल्या गंजावर ओतून तो बरा होत नाहीं.

मग रंग. पूर्वीं पूल आणि जहाजें यांवर शेंदूर जवसाच्या तेलांत खलून लावीत. गंजावर तो उत्तम, पण शेंदूर म्हणजे शिशाचें संयुग, आणि शिसें विषारी. म्हणून जुन्या गाडीचा रंग घांसतांना नाकातोंडावर चांगला मुखवटा अवश्य असावा. आज बाजारांत जें साधें तांबडें प्रायमर मिळतें त्याचा रंग शेंदराची आठवण देतो, गुण देत नाहीं. त्याचा थर सच्छिद्र असतो. तो उघडा ठेवला तर ओल त्यांतून आरपार जाते. तळासाठीं दोन डब्यांतील द्रव्यें मिसळून लावावयाचें एपॉक्सी प्रायमर घ्यावें. दोन हात द्यावे, मध्यें सर्व सांधे भरण्याच्या लेपानें बंद करावे. या एका कामांत काटकसर करूं नये.

खालच्या अंगाला रबरमिश्रित काळा लेप देतात. दगडगोट्यांचा मार तो झेलतो. पण त्याखालीं एपॉक्सीचा थर नसेल तर वर्षा-दोन वर्षांत तो तडकतो, आणि मग वरून काळाभोर व आंतून पोखरलेला असा तळ तयार होतो. कांहीं ठिकाणीं इंजिनांतून काढलेलें जळकें तेल तळावर फवारतात. फुकट मिळतें एवढाच त्याचा गुण. रबरी बुशा त्यानें फुगतात आणि धूळ चिकटते. उंबरठ्यांच्या पोकळींत ब्रश पोंचत नाहीं. तेथें लांब नळीनें पातळ मेण किंवा लोंकरीच्या चरबीपासून केलेलें द्रव्य फवारावें. तें सुकून कडक होत नाहीं, सांध्यांत झिरपत जातें, आणि दर दोन-तीन वर्षांनीं पुन्हां देतां येतें. निचऱ्याचीं भोंकें मात्र कोणत्याहि लेपानें बुजूं देऊं नयेत.

इतकें झाल्यावरच आवाजाकडे वळावें. जेवणाचें स्टीलचें ताट एका हातांत लोंबतें धरून बोटानें वाजवा; तें घणघणतें. आतां त्याच्या मध्यावर दुसऱ्या हाताचें एक बोट टेंकवून वाजवा. नुसता ‘टक्’ आवाज होतो. ताट झांकलें नाहीं, जाड केलें नाहीं, फक्त त्याचें कंपन मारलें. मोटारीच्या तळाचा सपाट पत्रा हें असेंच ताट आहे, आणि टायर, इंजिन व रस्ता त्याला अखंड वाजवीत असतात. डांबरी किंवा ब्यूटिल रबराची चादर हें टेंकविलेलें बोट होय. चादरीवर ॲल्युमिनियमचा पातळ पत्रा असला, तर मधला चिकट थर दोन धातूंच्या मध्यें चोळला जातो आणि कंपनाची शक्ति उष्णतेच्या रूपानें अधिक चांगली विरते. बोट सगळ्या ताटभर ठेवावें लागत नाहीं, तशी ही चादरहि सर्व तळभर लागत नाहीं. प्रत्येक सपाट भागाच्या मध्यावर पाव ते तृतीयांश जागा व्यापली तरी बहुतेक काम होतें. माझ्या कारागिरानें कोंपरानकोंपरा मढविला होता, आणि सांध्यांवरहि चादर ओढली होती. नेमके सांधेच उघडे हवेत, कारण ओल प्रथम तेथें दिसते. आपल्या उन्हांत डांबर मऊ होऊन वासहि सुटतो. ब्यूटिल महाग, पण त्या मानानें सोशीक.

हवेंतून येणारा आवाज निराळा. तो भोंकांतून येतो. एखाद्या पृष्ठभागाचा शंभरावा हिस्सा जरी उघडा राहिला, तरी उरलेला भाग कितीहि जाड केला तरी आवाज सुमारें वीस डेसिबेलांहून अधिक घटूं शकत नाहीं. म्हणून पॅडलांचीं व तारांचीं रबरी बुचें बदलणें हा सर्वांत स्वस्त आणि सर्वांत दुर्लक्षिलेला उपाय आहे. आणि मौज अशी, कीं त्याच भोंकांतून पाणीहि येत होतें. येथें गंज आणि गोंगाट यांचा इलाज एकच. भिंत जड केली तरी आवाज घटतो, परंतु वजन दुप्पट करावें तेव्हां कोठें सहा डेसिबेल कमी होतात. आणि आवाज निम्मा झाला असें कानाला वाटावयास सुमारें दहा लागतात. पन्नास वर्षांच्या गाडीवर एवढें ओझें कां लादावें? त्यापेक्षां टायर आणि झिजलेल्या रबरी बुशा बदलाव्या.

राहतां राहिला मऊ थर. नमदा किंवा उघड्या छिद्रांचा स्पंज आवाज शोषतो तो त्याच्या पोकळ्यांतून हवा खेळते म्हणून. आणि त्याच पोकळ्यांत पाणी भरतें. तळाशीं लागून असें कांहीं नसावें. तेथें बंद कोशांचा स्पंज घ्यावा, तो पाणी पीत नाहीं. नमदा हवाच असेल तर तो त्यावर. आणि यांतलें कांहींहि तळाला चिकटवूं नये. कापून, बसवून, नुसतें ठेवावें. चार बोटांनीं धरून उचलतां येईल इतकें तें सुटें असलें पाहिजे.

आमच्या गाडीचा तळ आतां असा केला आहे. ती पूर्वींइतकी शांत नाहीं. खंडाळ्याच्या चढावर आईला झोंप लागत नाहीं आणि ती तसें बोलूनहि दाखविते. पण आसन हलत नाहीं. पावसाळा सरला, कीं दसऱ्याला गाडीला हार घालण्यापूर्वीं मी गालिचा व स्पंज अंगणांत उन्हांत टाकतों, आणि उघड्या तळावरून बत्ती व हात फिरवितों. यंदा पुन्हां डाव्या कोंपऱ्यांत बोटभर ओल हाताला लागली. रंग शाबूत आहे. कांचेचें रबर मात्र दिवाळीपूर्वीं बदलून घ्यावयाचें आहे.